पाठमोरं बसून पाचशे मीटर

गेल्या ऑगस्टमध्ये मी रोइंगबद्दल, म्हणजे वल्ही मारत बोट पळवण्याच्या खेळाबद्दल, मराठीत शोधायला बसले, तर दत्तू भोकनळ यांच्या बातम्यांपलीकडे फारसं काही हाती लागलं नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, वडिलांसोबत विहिरी खोदणारा मुलगा सैन्यात जातो, तिथं पहिल्यांदा वल्ही धरतो आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा येतो, हे वाचायला भारीच वाटतं. पण मला पाहिजे होतं ते वेगळंच. पोहता येत नसेल तर घेतात का? कपडे काय घालायचे? कागद कोणकोणते लागतात? हे कुणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून मी लिहितेय. मी काही जिंकून आलेली नाही, ते आधीच सांगून टाकते.

मी मूळची लातूरची. वडील आडत बाजारात हमाली करतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा मी सात वर्षांची होते. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, एकेकीत पन्नास हजार लिटर. आमच्याकडं पाणी म्हणजे टिपाडात, घागरीत, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत भरून झाकून ठेवायची वस्तू. त्यात माणूस उतरतो हे मला टीव्हीतच दिसलेलं.

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ ला पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. ते लांबत लांबत ऑगस्टवर गेले आणि मला नांदेडचं कॉलेज मिळालं, कला शाखा. अर्धा महाराष्ट्र शिकायला लातूरला येतो आणि ही पोरगी लातूर सोडून चाललीय, असं गल्लीत सगळ्यांनी म्हणून घेतलं. नांदेडला आत्या राहते, म्हणून घरून होकार मिळाला.

१४ ऑगस्टला फलकावर चिठ्ठी दिसली. मुलींचा रोइंग संघ यंदापासून सुरू, अनुभवाची गरज नाही, इच्छुकांनी शनिवारी दुपारी जिमखान्यात यावं. 'अनुभवाची गरज नाही' हे वाचूनच मी गेले, खोटं कशाला बोलू. खेळाडूंना राज्य सरकारच्या नोकरीत पाच टक्के आरक्षण असतं हे आत्यानं ऐकलेलं होतं, त्यामुळं तीही फार आडवी आली नाही. ते आरक्षण कुठल्या पातळीवर खेळल्यावर लागू होतं, हे आम्हा दोघींनाही तेव्हा माहीत नव्हतं. नुसतं संघात असून काही होत नाही.

बावीस मुली आल्या होत्या. प्रशिक्षक सर सैन्यातून निवृत्त झालेले, तिथंच रोइंग शिकलेले. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "पोहता कोणाला येतं?" चार हात वर झाले. मला वाटलं, बाकीच्यांना आता घरी पाठवतील. सर म्हणाले, "बाकीच्यांनी महिन्यात शिकायचं. तोवर जमिनीवर." मग कागदांची यादी वाचून दाखवली.

यादी अशी होती: बोनाफाईड, जन्मदाखला, आधार, एमबीबीएस डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला, पालकांचं हमीपत्र आणि चार फोटो. ऐकायला सोपी. मला ती पुरी करायला पाच आठवडे लागले.

माझ्या जन्मदाखल्यावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं, एका अक्षराचा फरक. खेळाडू नोंदणीत दोन्ही जुळावं लागतं. आधार केंद्रावर गेल्यावर कळलं, पंधरा वर्षं झाल्यावर बोटांचे ठसे आणि फोटो नव्यानं द्यावेच लागतात, ते मी दिलेच नव्हते. ते काम पंधरा ते सतरा या वयात फुकट होतं. दोन्ही एकदमच उरकलं, पण टोकनसाठी सकाळी सातला जाऊन बसावं लागलं, तेही दोनदा, कारण पहिल्या दिवशी यंत्र बंद होतं. तुमचं वय पंधराच्या पुढं असेल तर खेळाचा विचार डोक्यात येण्याआधी आधार बघून घ्या.

हमीपत्राची गोष्ट सांगताना अजून जीव चडफडतो. एका कर्मचाऱ्यानं सांगितलं की ते नोटरी करूनच पाहिजे, वडील समक्ष हवेत. बाबा लातूरहून एसटीनं आले. आले रविवारी, कारण बाकीच्या दिवशी खाडा पडतो. रविवारी नोटरी कुठला बसायला? मग सोमवारी थांबले, सातशे रुपयांची मजुरी बुडली, वर नोटरीचे दोनशे. आठवड्यानं सरांनी तो कागद बघितला आणि विचारलं, "नोटरी कुणी सांगितली? साधी सही चालली असती." बाबांना मी हे अजून सांगितलेलं नाही. जो कागद मागतो त्यालाच विचारा की तो कसा पाहिजे, मधल्या माणसाला नको.

डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ९.६. त्यांनी दाखल्यावर सही केलीच नाही. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या फुकट मिळाल्या, त्या जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, लगेच चहा प्यायचा नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. तोवर हलका व्यायाम आणि पोहणं चालेल, असं एका चिठ्ठीवर लिहून दिलं, आणि सरांनी ती चिठ्ठी चालवून घेतली. बावीसपैकी निम्म्या मुलींचं रक्त कमीच निघालं, म्हणून फार लाजायचं कारण उरलं नाही.

पोहायला शहरातल्या एका तलावावर महिलांची बॅच दुपारी चार ते पाच. महिन्याचे नऊशे, पूर्ण बाह्यांचा पोशाख साडेसहाशे, टोपी ऐंशी. पहिले चार दिवस मी कठड्याची नळी धरून नुसतं तोंड पाण्यात घालत होते. माझ्या शेजारी पाच-सहा वर्षांची पोरं धबाधब उड्या मारायची. नाकात पाणी गेलं की मला रडू यायचं, आणि पाण्यात रडलेलं कुणाला कळत नाही ही एक सोय. अकराव्या दिवशी मी आपोआप तरंगले. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आता पाणी धरायचं सोड." मी खरंच मुठी आवळून पोहत होते.

२० सप्टेंबरला परीक्षा झाली. टी-शर्ट आणि टाइट्स घालून पन्नास मीटर, मग दोन मिनिटं जागेवर तरंगायचं. मी कुत्र्यासारखं पोहून कसाबसा काठ गाठला. सरांनी वेळ बघितलीच नाही, फक्त मी घाबरून हातपाय आपटते का तेवढं बघितलं.

आता पाण्यात उतरायचं, तर नदीच भरून आली. गेल्या पावसाळ्यात मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्टमध्ये मुखेडकडची गावं पाण्यात गेली. सप्टेंबरच्या शेवटी वर जायकवाडीतून मोठा विसर्ग सुटला आणि नांदेडला गोदावरी घाटांच्या पायऱ्या गिळून वर आली. संघातल्या दोघींच्या घरचं सोयाबीन गेलं, त्यांनी संघ सोडला, त्यांना कुणी थांबवलंही नाही. पाण्यासाठी रांगेत उभं राहून मोठी झालेली मी, आणि माझं रोइंग अडलं जास्तीच्या पाण्यानं. आत्या म्हणाली, "देवाच्या मनात नाही म्हणायलाव तर ऐकायला तयार न्हाईस."

ऑक्टोबर सगळा अर्गोवर गेला. अर्गो म्हणजे रोइंगचं यंत्र. बसायची गादी रुळावर पुढं-मागं सरकते, समोर साखळीला दांडा, दांडा ओढला की पंखा फिरतो आणि पडद्यावर आकडे येतात. मोठा आकडा असतो तो पाचशे मीटरला लागणाऱ्या वेळेचा. पंख्याच्या शेजारी हवा कमी-जास्त करायची एक ते दहाची कळ असते. आम्ही सगळ्यांनी ती पहिल्याच दिवशी दहावर नेऊन ठेवली. सरांनी परत चारवर आणली. दहावर ओढलं म्हणजे जास्त ताकद असं नाही, नुसती कंबर धरते.

मी हातानं ओढत होते, नवखे सगळे तेच करतात. वल्हवणं म्हटलं की दंड डोळ्यासमोर येतो, पण जोर बहुतेक पायांचा. आधी पाय ताणायचे, मग पाठ मागं, हात सगळ्यात शेवटी. परत जाताना बरोबर उलट: हात, पाठ, मग गुडघे. हे सांगायला एक ओळ पुरते, मला बसायला तीन आठवडे लागले. शेवटी कळलं ते बाबांमुळं. फोनवर मी त्यांना म्हटलं, सर सारखं पाय पाय करतात. ते म्हणाले, "मग? पोतं काय हातानं उचलायलो व्हय मी?" दुसऱ्या दिवशी मी पोतं उचलायचं म्हणूनच पाय रोवले, आणि आकडा तिथल्या तिथं पाच सेकंदांनी उतरला.

११ ऑक्टोबरला दोन हजार मीटरची पहिली चाचणी. ऑलिंपिकची शर्यत तेवढीच असते. आधी बायकांना हजारच मीटर होते, १९७६ च्या माँट्रियलपासून; दोन हजार झाले १९८८ ला सोलमध्ये. हे सरांनी आम्हाला चाचणीच्या आदल्या दिवशी सांगितलं, उत्साह यावा म्हणून. तिसऱ्या पाचशेत मला १९७६ चा नियमच बरा होता असं वाटलं. १० मिनिटं २० सेकंद. उतरल्यावर मी जिमखान्याच्या मागं जाऊन ओकले. चाचणीआधी दोन तास काही खाऊ नका, आणि त्याच्याही आधी खाल्लं तर केळ, पोहे असलं काही. मी सकाळी झुणका-भाकर खाऊन गेले होते.

तोवर आम्ही नऊ उरलो होतो.

नदी ओसरली तरी परवानगीचा कागद यायचा होता. काठाच्या ज्या जागेवरून बोटी उतरवतात तिचं परवानगीपत्र दरवर्षी नव्यानं लागतं, आणि ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला दिवाळी उलटली. सर दर सोमवारी जाऊन यायचे. आम्ही तोवर बोटी घासल्या, नटबोल्ट मोजले, आणि बोट उचलायला शिकलो.

बोट उचलणं हा वेगळा विषय आहे, तो मला कुणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं. चौघींनी दोन-दोन वल्ही मारायच्या बोटीला क्वाड म्हणतात. साडेबारा मीटरच्या आसपास लांब, आणि रुंदीला बसणारीचे कुल्हे कसेबसे मावतील एवढी. शर्यतीची बोट बावन्न किलोच्या खाली नसते. आमची जुनी होती, दुसऱ्या शहरातून वापरून आलेली, चार ठिकाणी डाग दिलेली, म्हणून बरीच जड. ती खांद्यावर घेऊन उतारावरून चालायचं, वळताना मागच्या टोकाकडं लक्ष ठेवायचं, आणि पाण्यात ठेवताना एकदम, सावकाश. एकीनं लवकर सोडली की बाकीच्या तिघींच्या बोटांवर येते. पहिल्या दोन आठवड्यांत मी वल्ही मारली त्यापेक्षा बोट जास्त वाहिली असेल.

८ नोव्हेंबर, शनिवार, पहाटे साडेपाच. विष्णुपुरीच्या धरणामुळं वरच्या अंगाला गोदावरीचा फुगवटा लांबवर पसरलेला असतो. पाण्यावर धुकं, काठावर ओली माती, पलीकडं थर्माकोलवर बसून जाळी ओढणारे भोई. आम्हाला आधी रुंद सरावबोटीत बसवलं. पाय बोटीतल्याच बुटांत अडकवायचे असतात. मला तेच सगळ्यात भीतीचं वाटलं, बोट उलटली तर पाय निघतील का? सरांनी बुटाच्या टाचेला बांधलेली दोरी दाखवली. पाय जोरात ओढला की दोरीमुळं बुटाची टाच धरली जाते आणि पाऊल आपसूक बाहेर येतं. दहा वेळा काढून बघितल्यावर मी तयार झाले. उलटलात तर बोट सोडून काठाकडं पोहत सुटायचं नाही, बोटीलाच धरून राहायचं, ती बुडत नाही. हे त्यांनी आमच्याकडून मोठ्यांदा म्हणून घेतलं.

आणि मग बसल्यावर कळतं की आपण पाठमोरे आहोत. चित्रात, व्हिडिओत बघितलेलं असतं, तरी पहिल्या ओढीला मान आपोआप मागं वळते. जिकडं जायचं ते दिसत नाही, जिथून निघालो ते काठ, ती झाडं, ते सर लांब जाताना दिसतात. मान वळवली की बोट कलते. बोट कलली की एक वल्हं खोल जातं. एक भोईकाका आमचा गोंधळ बघत होते, ते ओरडले, "उलटं बसून कुठं जायलाव गं पोरींनो?" आमच्यातल्या एकीला इतकं हसू आलं की तिचं वल्हं पाण्यात रुतलं आणि दांडा पोटात बसला. याला क्रॅब म्हणतात. पातं तिरकं पाण्यात गेलं की पाणी ते खाली ओढून धरतं आणि सुटतच नाही, बोट पुढं जात असते, दांडा तुमच्याकडं येतो. सगळ्यांना लागतो.

त्या काकांशी पुढं ओळख झाली. डिसेंबरात आमचं वल्हं त्यांच्या जाळ्यात अडकलं, मी भीतभीत माफी मागितली. त्यांनी जाळं सोडवलं आणि रिकाम्या बाटल्यांच्या खुणा कशा ओळखायच्या ते दाखवलं. जाळ्याची रांग आणि जलपर्णीचा थर, दोन्हींपासून लांब राहायचं. जलपर्णी बोटीच्या तळाच्या छोट्या पात्याला गुंडाळली गेली की बोट वळेना होते.

आता बारीकसारीक, जे मुलींनी मला विचारलं किंवा मी दुसऱ्यांना विचारलं. कपडे अंगाला घट्ट पाहिजेत. सैल टी-शर्टमध्ये दांडा अडकतो. आत्याला टाइट्स पटत नव्हत्या, मी वरून ट्रॅकपँट घालून निघायचे आणि काठावर काढायचे, अजूनही तसंच करते. हातमोजे घालू नका, पकड जाते. फोड येतात, ते फोडू नका, आपोआप फुटला तर धुऊन कोरडा ठेवा आणि सरावाला पट्टी लावा. नखं कापा. वल्ही ओढताना एक हात दुसऱ्याच्या वरून जातो, डाव्या हाताची नखं उजव्या हाताची कातडी सोलून काढतात. माझ्या बोटांवर अजून डाग आहेत. पाळीत पाण्यावर जायचं का, हे सरांना कुणी विचारत नव्हतं. शेवटी पोहण्याच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, बोटीत बसायला काय हरकत, बरं वाटत नसेल तर सांगून सुट्टी घे. आता आम्ही सरांना सरळ "आज जमिनीवर" एवढंच सांगतो, तेही काही विचारत नाहीत.

नऊच्या पुढं वारा सुटतो, म्हणून सराव पहाटेचा. डिसेंबरात बोटं इतकी गारठायची की दांडा हातात आहे की नाही कळायचं नाही. मी तीनदा सोडायचं ठरवलं, तिन्ही वेळा बुधवारी. बुधवारी अर्गो असायचा.

जानेवारीत दुसरी चाचणी झाली: ९ मिनिटं ३२ सेकंद. रक्त तेव्हा ११.४ होतं, मला वाटतं निम्मं श्रेय गोळ्यांचं.

फेब्रुवारीत पुण्याला एका तळ्यावर नवख्या संघांसाठी पाचशे मीटरची शर्यत होती. आम्ही पाचजणी गेलो, चौघी बोटीत आणि एक राखीव. नांदेड-पनवेल गाडी, स्लीपर, कॉलेजनं निम्मे पैसे दिले, ते अजून यायचेत. बोट तिथलीच मिळणार होती. मिळाली ती आमच्यापेक्षा हलकी, त्यामुळं आम्हाला ती सारखी उडाल्यासारखी वाटायची. नेहमीची बोट नसेल तर आदल्या दिवशी तासभर तरी त्याच बोटीत बसून घ्या. आम्हाला वीस मिनिटं मिळाली.

शर्यतीबद्दल सांगण्यासारखं थोडकंच आहे. सुटताना बरे होतो. तीनशेच्या आसपास माझंच डावं वल्हं रुतलं. मागची ओरडली, "सोड, सोड, दांडा खाली दाब!" मी दाबला, पण चार-पाच ओढी गेल्या. २ मिनिटं ३१ सेकंद, पाच बोटींत पाचव्या. बाकीच्या तिघी मला काहीच बोलल्या नाहीत, त्यानं जास्त वाईट वाटलं. रात्री गाडीत एकीनं संत्रं सोलून निम्मं माझ्या हातात ठेवलं तेव्हा जरा बरं वाटलं.

परतीची गाडी लातूरला मध्यरात्रीनंतर येते. बाबा फलाटावर उभे होते, हातात धपाट्यांचा डबा आणि पाण्याच्या दोन बाटल्या, घरून भरून आणलेल्या. मी दारातच उभी होते.

"कितवा नंबर आला?"

"पाचवा."

"किती जण होते?"

"पाच."

बाबांनी डबा वर दिला. "जाऊ दे. पुढचे सगळे बघायला तर मिळाले ना?"

"नाही ना, बाबा. पाठमोरं बसायचं असतं. पहिल्या नंबरला सगळे दिसतात. शेवटच्याला कुणीच दिसत नाही, नुसतं पाणी."

त्यांनी बाटल्याही वर दिल्या आणि म्हणाले, "नुसतं पाणी? मग काय वाईट हाय."